चौकोनी कंसातला आकडा

अर्धवाहक उद्योगातला सगळ्यात गाजलेला लेख कुठल्याही संशोधनपत्रिकेत आलेला नाही. १९ एप्रिल १९६५ रोजी 'इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी व्यावसायिक नियतकालिकाचा पस्तिसाव्या वर्षाचा अंक निघाला. त्याच्या ११४ ते ११७ या चार पानांत गॉर्डन मूर यांनी पुढच्या दहा वर्षांत एका चिपवर किती घटक बसतील याचा अंदाज मांडला. मूर तेव्हा फेअरचाइल्ड सेमिकंडक्टरच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आणि संपादकांनी मागितला म्हणून त्यांनी हा लेख दिला होता. घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आली आहे, हाच वेग टिकला तर १९७५ साली एका चिपवर ६५,००० घटक असतील, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच अंदाजाला 'मूरचा नियम' हे नाव पडले.

आज इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर शाखेच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत पहिल्याच प्रकरणात एक वाक्य हमखास भेटते : मूरच्या नियमानुसार ट्रान्झिस्टरांची संख्या दर अठरा महिन्यांनी दुप्पट होते. वाक्याच्या शेवटी चौकोनी कंसात एक आकडा असतो आणि तो आकडा १९६५च्या लेखाकडे नेतो. लेख उघडून पाहिला तर त्यात अठरा महिने कुठेच नाहीत. तिथे एक वर्ष आहे. दोन वर्षांचा कालावधी मूर यांनी १९७५मध्ये, आयईईईच्या इलेक्ट्रॉन डिव्हायसेस परिषदेत मांडला. अठरा महिन्यांचे श्रेय इंटेलमधले त्यांचे सहकारी डेव्हिड हाउस यांना दिले जाते, आणि हाउस बोलत होते ते चिपच्या कार्यक्षमतेविषयी. लेखकाचे नाव बरोबर, नियतकालिक बरोबर, खंड, अंक, पाने सगळे बरोबर; तरीही तो संदर्भ त्या वाक्याला आधार देत नाही.

अभियांत्रिकी लेखनातल्या संदर्भांबद्दल आपण जे शिकवतो ते बहुतेक विरामचिन्हांचे शिक्षण असते. स्वल्पविराम कुठे, तिरपा ठसा कशाला, आद्याक्षरे आडनावाच्या आधी की नंतर. ते शिकवायला हवेच. पण एखाद्या वाक्यातला दावा आणि त्याच्यापुढच्या कंसातला लेख यांची जुळणी तपासणे हे खरे काम आहे, आणि या कामाला ना व्हायव्हात वेळ मिळतो ना मार्गदर्शनात. या लेखात संदर्भलेखनाच्या पद्धती, मासिके आणि संशोधनपत्रिका यांतला फरक, चुकांचा इतिहास आणि आपल्याकडची परिस्थिती, सगळे पाहायचे आहे. पण मापदंड हा एकच.

आधी पद्धती. विद्युत आणि संगणक शाखांत आयईईईची पद्धत चालते. १ जानेवारी १९६३ रोजी दोन जुन्या अमेरिकी संस्था एकत्र येऊन आयईईई झाली. त्यांतली एक १८८४ची, दुसरी १९१२ची. या पद्धतीत मजकुरात ज्या क्रमाने संदर्भ येतात त्याच क्रमाने त्यांना आकडे मिळतात. शेवटच्या यादीत आधी लेखकाची आद्याक्षरे, मग आडनाव, अवतरणात लेखाचे शीर्षक, तिरप्या ठशात नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, मग खंड, अंक, पाने, महिना, वर्ष आणि शक्य असेल तर डीओआय. लेखक सहापर्यंत असतील तर सगळ्यांची नावे. त्याहून जास्त असतील तर पहिले नाव आणि 'इतर'. स्थापत्यवाले जेव्हा अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या पत्रिकेला लिहितात तेव्हा आकडा जातो आणि गोल कंसात आडनाव व वर्ष येते. यंत्र अभियांत्रिकीतल्या एएसएमईची पद्धत पुन्हा आकड्यांची, पण यादीत वर्ष लेखकाच्या नावामागोमाग.

यांतली कुठलीही एक पद्धत दुसरीपेक्षा श्रेष्ठ नाही. मला स्वतःला आडनाव आणि वर्षाची पद्धत वाचताना बरी वाटते, कारण वाक्य वाचतानाच दावा किती जुना आहे ते कळते. 'लिथियम बॅटरीची किंमत इतकी आहे' या वाक्यापुढे २०११ दिसले की वाचक सावध होतो. [१७] दिसले तर पुढे सरकतो. आकड्यांच्या पद्धतीत मजकूर मोकळा राहतो, समीकरणांच्या गर्दीत ते सोयीचे पडते. म्हणून आकडे वापरणाऱ्याने जुन्या माहितीचे वर्ष वाक्यातच लिहावे, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ.

नोंदीतला प्रत्येक तपशील एकेका गरजेतून आला आहे. खंड आणि अंक आले ते छापील गठ्ठे बांधून ठेवणाऱ्या ग्रंथालयांसाठी. नियतकालिकांची नावे कशी आखडायची यासाठी आयएसओ ४ हे मानक आहे आणि शब्दांच्या संक्षेपांची यादी पॅरिसमधले आयएसएसएन केंद्र सांभाळते. त्यामुळे 'ट्रान्झॅक्शन्स'चे रूप प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवायचे नसते. पाने ही छापील जगाची खूण. आता पुष्कळ ऑनलाइन पत्रिकांत सलग पाने नसतात, लेखाला क्रमांक असतो. अशा वेळी विद्यार्थी पीडीएफवरची '१ ते १४' ही पाने टिपून ठेवतो. ती पाने त्या पत्रिकेच्या प्रत्येक लेखात १ पासूनच सुरू होतात, म्हणून त्यांचा उपयोग शून्य. तिथे लेख क्रमांकच लिहायला हवा.

डीओआय आला तो संकेतस्थळांचे पत्ते बदलत राहतात म्हणून. प्रकाशकांनी मिळून २००० साली क्रॉसरेफ ही संस्था काढली, आणि लेख कुठेही हलला तरी त्याचा क्रमांक तोच राहील अशी व्यवस्था बसवली. दहाच्या आकड्याने सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक पुष्कळांना यादीची शोभा बिघडवणारा वाटतो. माझ्या मते यादीतला सर्वांत प्रामाणिक तपशील तोच. तो टाकून पाहिला की लेख उघडतो किंवा उघडत नाही.

आता मासिके. 'जर्नल म्हणजे विश्वासार्ह, मॅगझिन म्हणजे वरवरचे' अशी सरधोपट विभागणी कॉलेजांत रूढ आहे. काही गाईड तर यादीत 'मॅगझिन' शब्द दिसला की लाल रेघ मारतात. नावावरून निवाडा करायचा तर फसगत ठरलेलीच. 'आयईईई कम्युनिकेशन्स मॅगझिन' आणि 'आयईईई सिग्नल प्रोसेसिंग मॅगझिन' यांच्या नावात मॅगझिन आहे, पण त्यांतले लेख तज्ज्ञांकडून तपासले जातात आणि त्या क्षेत्रांत ते आवर्जून वाचले जातात. उलट 'आरएफआयडी जर्नल' हे नावाने जर्नल आणि स्वरूपाने एका उद्योगाचे व्यावसायिक नियतकालिक. इंटरनेट ऑफ थिंग्जवरच्या जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात त्याचा संदर्भ असतो, कारण केविन अॅश्टन यांचा जून २००९मधला छोटा लेख तिथे आला. 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हा शब्दप्रयोग आपण १९९९ साली एका कंपनीपुढच्या सादरीकरणात केला होता, असे त्यांनी त्यात सांगितले.

हा लेख द्यायचा की नाही? जरूर द्यायचा, पण शब्दप्रयोगाच्या उगमासाठी. स्वतः अॅश्टन यांचे कथन दुसरीकडे कुठे शोधणार? मात्र त्याच लेखाच्या आधारे 'आयओटीमुळे ऊर्जेची बचत होते' असे वाक्य लिहिले तर तो आधार उरत नाही; तिथे कुठलेही मोजमाप नाही.

मासिकातला लेख काय पेलू शकतो याची मोठी उदाहरणे अभियांत्रिकीच्याच इतिहासात आहेत. आर्थर क्लार्क यांनी भूस्थिर कक्षेतल्या तीन उपग्रहांनी साऱ्या पृथ्वीवर प्रक्षेपण पोहोचवता येईल, हे ऑक्टोबर १९४५च्या 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये मांडले. हौशी आणि व्यावसायिक रेडिओवाल्यांचे ते ब्रिटिश मासिक. व्हॅनेवार बुश यांचा माहिती साठवण्या-जोडण्याच्या यंत्राची कल्पना मांडणारा लेख जुलै १९४५मध्ये 'द अटलांटिक मंथली' या साहित्य-राजकारणाच्या मासिकात आला. मार्क वायझर यांचा सर्वत्र पसरलेल्या संगणनावरचा लेख सप्टेंबर १९९१च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधला. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांचा 'गो टू' विधानाविरुद्धचा १९६८चा मजकूर तर संगणकशास्त्राच्या एका मासिकाला लिहिलेले पत्र. त्याचे गाजलेले शीर्षकही संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेले. या चौघांना यादीतून काढणे म्हणजे कल्पना कुठून आली ते लपवणे.

म्हणून मासिकाच्या लेखाबाबत माझा निकष असा : कल्पनेचा उगम, एखाद्या काळची उद्योगाची स्थिती, अपघाताची बातमी, एखाद्या अभियंत्याचे स्वतःचे कथन, यांसाठी मासिक चालते, कित्येकदा तेच मूळ साधन असते. मोजलेले मूल्य, कार्यक्षमतेची टक्केवारी, पदार्थाचा गुणधर्म, सुरक्षिततेची मर्यादा, यांसाठी मासिक चालत नाही. तिथे प्रयोग कसा केला, किती नमुने घेतले, मापनातली अनिश्चितता किती, हे सांगणारा लेखच हवा. मासिकातल्या वार्ताहराने एखाद्या पेपरचा निष्कर्ष सांगितला असेल तर त्या पेपरपर्यंत जावे लागते. वार्ताहर सहसा लेखकाचे आणि पत्रिकेचे नाव देतोच.

काही नियतकालिकांत दोन्ही गोष्टी एकाच मुखपृष्ठाआड असतात. बंगळुरूहून १९३२पासून निघणाऱ्या 'करंट सायन्स'मध्ये संशोधन-लेखांच्या शेजारी बातम्या, मते, पत्रे असतात. अशा अंकातला संदर्भ देताना तो लेख कोणत्या सदरातला आहे हे पाहणे गरजेचे. संपादकीयाला संशोधन म्हणून उभे केले तर वाचकाची दिशाभूल होते, जरी खंड-पान अचूक असले तरी.

संगणकीय साधनांनाही हा फरक नीट ठाऊक नाही. १९८५च्या सुमारास आलेल्या बिबटेक या प्रणालीत पत्रिकेतला आणि मासिकातला लेख यांच्यासाठी एकच प्रकार आहे. झोटेरोत दोन्हींसाठी वेगळे प्रकार आहेत, पण ब्राउझरमधून नोंद उचलताना झोटेरो जे पानावर लिहिलेले असेल तेच घेतो, आणि प्रकाशकाच्या पानावर महिना किंवा अंक नसेल तर तो रिकामाच राहतो. बिबटेकच्या अनेक शैली शीर्षकातली मोठी अक्षरे लहान करतात, म्हणून महिरपी कंस घातला नाही तर आयओटीसारखी संक्षिप्त रूपे आणि व्यक्तींची नावेही विस्कटून छापली जातात. साधने वापरावीत, वेळ वाचतो. पण शेवटची यादी डोळ्यांखालून घालणे कुठलेही साधन करत नाही.

यंत्र अभियांत्रिकीच्या मंडळींसाठी एक प्रकरण सविस्तर सांगायला हवे, कारण ते त्यांच्या रोजच्या वापरातले आहे. नळीतून खळाळत्या प्रवाहाने द्रव जात असताना उष्णता किती वाहून नेली जाईल हे काढायला डिटस-बोल्टर समीकरण वापरतात. हीट ट्रान्सफर शिकलेल्या कुणालाही ते पाठ असते : नसेल्ट संख्या म्हणजे ०.०२३ गुणिले रेनॉल्ड्स संख्येचा ०.८ घात गुणिले प्रांटल संख्येचा घात, आणि हा शेवटचा घात द्रव तापत असेल तर ०.४, थंड होत असेल तर ०.३. संदर्भ म्हणून १९३० सालचा डिटस आणि बोल्टर यांचा लेख दिला जातो. तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभियांत्रिकी प्रकाशनमालेत आला होता आणि त्याचा विषय होता मोटारींच्या रेडिएटरमधल्या नळ्या.

१९९८मध्ये विंटरटन यांनी 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ हीट अँड मास ट्रान्सफर'मध्ये एक अगदी छोटे टिपण छापले. हे समीकरण आले कुठून, एवढाच त्यांचा प्रश्न. मूळ लेख काढून पाहिला तेव्हा दिसले की ०.०२३ हा गुणांक त्यात नाहीच. तिथे तापणाऱ्या द्रवासाठी ०.०२४३ आणि थंड होणाऱ्या द्रवासाठी ०.०२६५ आहे. ०.०२३ रूढ झाला तो मॅकअॅडम्स यांच्या 'हीट ट्रान्समिशन' या पाठ्यपुस्तकाच्या १९४२च्या आवृत्तीतून. थंड होण्याच्या बाबतीत जुना आणि रूढ गुणांक यांत सुमारे १५ टक्क्यांचा फरक पडतो.

रूढ गुणांक चुकीचा आहे असा याचा अर्थ नाही. पुढच्या मोजमापांशी तो जुळतो म्हणूनच टिकला. पण पन्नास-साठ वर्षे ज्यांनी ०.०२३ लिहून १९३०च्या लेखाकडे बोट दाखवले, त्यांच्यापैकी अगदी थोड्यांनी तो लेख पाहिला असणार. पाहिला असता तर पहिल्याच दिवशी विसंगती लक्षात आली असती. त्या मालेचे अंक फार ग्रंथालयांत नव्हते हे खरे. पण १९८५मध्ये एका आंतरराष्ट्रीय पत्रिकेने तो लेख पुन्हा छापला, त्यानंतरही तेरा वर्षे विंटरटन यांचे टिपण यायला लागली. हे प्रकरण मला फार मोलाचे वाटते. इथे कुणी लबाडी केली नाही, कुणाचा पूल पडला नाही. फक्त एक समीकरण एका घराण्याचे नाव लावून दुसऱ्याच घरात वाढले, आणि त्याची वंशावळ तपासायला एका माणसाला ग्रंथालयात जावे लागले. उष्णता-विनिमयकाचे डिझाइन लिहिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने मॅकअॅडम्स किंवा विंटरटन यांचा संदर्भ द्यावा. पाईपमधल्या घर्षणासाठी मूडी आलेखाकडे बोट दाखवतानाही हीच काळजी हवी : आलेख मूडी यांचा, १९४४चा, त्यामागचे सूत्र कोलब्रुक यांचे, १९३९चे.

न वाचता दिलेले संदर्भ किती असतात याचा अंदाज घेण्याची एक हुशार युक्ती सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी २००३मध्ये वापरली. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या पेपरचे ४,३०० उल्लेख त्यांनी पाहिले. त्यांतल्या १९६ उल्लेखांत खंड, पान किंवा वर्ष चुकले होते. पण वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५. एकच चुकीचा पानक्रमांक ७८ ठिकाणी आला होता. ७८ जणांचे बोट स्वतंत्रपणे त्याच आकड्यावर घसरेल हे अशक्य. म्हणजे संदर्भ दुसऱ्याच्या यादीतून उचलला गेला. या हिशोबावरून त्यांनी असा अंदाज मांडला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ पेपर वाचतात. या अंदाजावर आक्षेप घेता येतो : यादीतून नोंद उचलणारा माणूस लेख वाचतही असेल. तरी ७८ हा आकडा पुरेसा बोलका आहे.

याहून विलक्षण गोष्ट अस्तित्वातच नसलेल्या लेखाची. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी सूचना लिहिताना नमुना म्हणून एक संदर्भ दिला होता : व्हॅन डर गीअर आणि सहलेखक, वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला, २००० साल, पाने ५१ ते ५९. असा लेख नाही, नोंदीत दिलेल्या नावाची पत्रिकाही नाही. तरीही शेकडो लेखांच्या याद्यांत तो शिरला. अॅन-विल हार्झिंग यांनी २०१७मध्ये हे प्रकरण मांडले तेव्हा दिसले की त्यांतले बहुतेक परिषदांचे पेपर होते. परिषदेचा साचा घ्यायचा, त्यात आपला मजकूर भरायचा, आणि नमुन्यातला संदर्भ पुसायचा राहून जायचा. आयईईईच्या परिषद-साच्यातही अशा नमुन्याच्या नोंदी असतात. इसन, नोबल आणि स्नेडन यांचा बेसेल फलनांवरचा १९५५चा पेपर त्यांतलाच. रोबोटिक्सवरच्या रिपोर्टात पहिला संदर्भ हा दिसला की यादी कुणी वाचली नाही हे उघड होते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी या भुतांची पैदास सोपी केली आहे. चॅटबॉटला 'या विषयावर दहा आयईईई रेफरन्स दे' म्हटले की ते लेखकांची खरी नावे, खऱ्या पत्रिका, शक्य वाटणारी शीर्षके आणि खंड-पाने जोडून यादी देते. प्रत्येक तुकडा ओळखीचा असतो, आणि जोडणी खोटी असू शकते. व्हॅन डर गीअरच्या काळात एकच खोटा लेख शेकडो याद्यांत दिसत होता, म्हणून तो पकडता आला. आता प्रत्येक यादीतला खोटा लेख वेगळा असू शकतो. एकेक डीओआय टाकून शीर्षक जुळते का ते पाहणे, हा तपास अर्ध्या तासाचा आहे. गाईडने सही करण्यापूर्वी तो मागितलाच पाहिजे.

आपल्या कॉलेजांत संदर्भांची सुरुवात 'बेस पेपर'ने होते. शेवटच्या वर्षाचा ग्रुप एक अलीकडचा पेपर निवडतो, गाईड मान्यता देतो, आणि वर्षभराचे काम त्याभोवती फिरते. ही पद्धत मला पूर्ण टाकाऊ वाटत नाही. एक पेपर ओळ न् ओळ समजून घेणे हे मोठे शिक्षण आहे. बिघडते ते लिटरेचर सर्व्हेत. बेस पेपरच्या शेवटी असलेली यादी जशीच्या तशी ब्लॅकबुकात, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव रिपोर्टात, उतरते, आणि त्या पेपरांच्या गोषवाऱ्यांतली दोन-दोन वाक्ये म्हणजे सर्व्हे होतो. 'अमुक यांनी तमुक पद्धत मांडली' अशी पंधरा वाक्ये एकाखाली एक येतात. त्या पंधरांत मतभेद कुठे आहे, कोणाच्या मोजमापाची परिस्थिती आपल्याशी जुळते, हे कुठेच येत नाही.

याला केवळ विद्यार्थ्यांचा आळस म्हणून चालणार नाही. पेपर मिळायला हवा ना! महागड्या वर्गणीच्या पत्रिका लहान गावांतल्या कॉलेजांना परवडत नाहीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका, आणि ६,३००हून अधिक संस्था. १ जानेवारी २०२५पासून ती सुरू झाली. पाऊल मोठे आहे. पण योजना सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी आहे, आणि महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिकणारे पुष्कळसे विद्यार्थी खासगी विनाअनुदानित कॉलेजांत आहेत. ते तिच्याबाहेर राहतात. त्यांच्यासाठी उरते ते खुले प्रवेश असलेले लेख, लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत, किंवा थेट लेखकाला ईमेल. ईमेलचा मार्ग विद्यार्थ्यांना सांगितलाच जात नाही, आणि अनेक संशोधक आपला पेपर आनंदाने पाठवतात.

दर्जाच्या याद्यांचीही एक कथा आहे, आणि तिचा एक मोठा भाग पुण्यात घडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त पत्रिकांच्या जुन्या यादीत निकृष्ट पत्रिकांची भर पडली होती. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ पत्रिका तपासून २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडला : ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका निकषांवर टिकत नव्हत्या. त्यानंतर आलेल्या 'यूजीसी-केअर' यादीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालले. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली आणि पत्रिका पारखण्याचे काम निकष सुचवून संस्थांवर सोपवले. यादी असताना लोक यादीत नाव आहे का एवढेच पाहत. आता लेख वाचून ठरवावे लागेल. हे अवघड आहे, पण योग्य दिशेने आहे असे मला वाटते.

वाङ्मयचोरीच्या तपासाचे मात्र उलटे झाले. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार मजकुरातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर पायऱ्या. संदर्भयादी आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे या मोजणीतून वगळली जातात. ते वगळणे बरोबरच आहे. परिणाम असा की सगळे लक्ष त्या टक्केवारीवर लागले. शब्द बदलून टक्का खाली आणला की काम झाले, असे मानणारे लोक शब्द बदलणारी साधने वापरतात. २०२१मध्ये कबानाक, लाबे आणि मॅगझिनोव्ह यांनी अशा पेपरांचा माग काढला. त्यांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' असे शब्द सापडले. मायक्रोप्रोसेसरवरच्या एका पत्रिकेतच असे बरेच लेख निघाले. सॉफ्टवेअरने साम्य शोधले, अर्थ कुणी वाचला नाही. हिंदावी या प्रकाशनाने २०२३ या एका वर्षात ८,०००हून अधिक लेख मागे घेतले. मागे घेतलेला लेख बेस पेपर म्हणून चालू राहू नये यासाठी डीओआयच्या पानावर 'मागे घेतला' अशी खूण आहे का, हे पाहावे. 'रिट्रॅक्शन वॉच'ची नोंदवही सप्टेंबर २०२३पासून क्रॉसरेफकडे आली असून ती सर्वांना मोफत आहे.

एक गोष्ट राहते, ती मराठी नियतकालिकांची. धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीच्या बंधाऱ्यांवर कुणी स्थापत्य किंवा जलसंपदा विषयात प्रबंध लिहीत असेल, तर शेतकऱ्यांनी पाणीवाटप कसे सांभाळले याची प्रत्यक्ष माहिती मराठी नियतकालिकांत, स्मरणिकांत आणि दिवाळी अंकांत शोधायला हवी. पत्रिकांत ती मिळेलच असे नाही. १९२८पासून निघणारे पुण्याचे 'सृष्टिज्ञान' आहे, मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे. अशा लेखाचा संदर्भ इंग्रजी प्रबंधात द्यायला संकोच वाटण्याचे कारण नाही. आयईईईच्या पद्धतीत इतर भाषांतल्या लेखांची सोय आहेच : शीर्षकाचे भाषांतर द्यायचे आणि मूळ लेख मराठीत असल्याची नोंद करायची. मी याला एक जोड देईन, मूळ शीर्षक रोमन लिपीतही लिहावे, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत ते सापडेल. या नियतकालिकांच्या जुन्या अंकांना डीओआय नाही, काहींवर खंड क्रमांक नाही, दिवाळी अंकावर दोन महिन्यांची नावे एकत्र असतात. जे छापले आहे तेच लिहावे, रिकाम्या जागा अंदाजाने भरू नयेत. आणि अंक ज्या ग्रंथालयात पाहिला त्याचे नाव द्यावे, त्या पानांची छायाप्रत परिशिष्टात लावावी, कारण पुढच्या वाचकाला तो अंक दुसरीकडे मिळेल याची खात्री नसते.